डाव्या हाताची खुर्ची

टूनगॅबी
१० मार्च २०२५

सलिल बाळा,

आशीर्वाद मी रोज देवापुढे बसले की देतेच, ते कागदावर परत मांडत नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि शेजारी तुझी आई, मैथिली, कान देऊन उभी असते, म्हणून हे पत्र. माझी शाळा चौथीपर्यंतची. चुका झाल्या तर पदरात घे.

आधी हे सांगते की मला फार फार आनंद झालाय. तू ऑफिस सोडून गोल्ड कोस्टला पत्ते खेळायला गेलास हे कळल्यावर मैथिलीने दोन दिवस चहात साखर घातली नाही, आमच्याही नाही. आमचा काय गुन्हा? तुझा बाप म्हणाला, एवढं इंजिनियर केलं ते कॅसिनोत बसायला? मी म्हटलं, गणेश, त्याला पत्ते मी शिकवले, ओरडायचं तर माझ्यावर ओरड. पाच वर्षांचा होतास, हातात तेरा पानं मावायची नाहीत, तर उशीच्या आड लावून ठेवायचास आणि वाकून वाकून बघायचास. आता तेच करून पोट भरतोस. किती मुलांचं असं नशीब असतं?

आमचा मेंढीकोट दर गुरुवारी चालू आहे. मी, माझा भाऊ नंदू, त्याची नात निहारिका आणि आपला विश्राम. विश्राम माझा जोडीदार, समोर बसतो. बायको विनीता गेल्यापासून तो तेवढ्यापुरताच घराबाहेर पडतो, औषधांचं दुकान आणि गुरुवार, बास. निहारिका हुकूम काय ते विसरते आणि फोन बघते, पण चौथा हात पाहिजे म्हणून चालवून घेतो.

तर मला सगळं नीट लिही. तुमच्यात जोड्या असतात का? चहा कोण करतं? नंदू सांगत होता की तिथे जवळच मोठमोठ्या परिषदा भरतात आणि ती सगळी माणसं संध्याकाळी तुमच्याकडे येतात. म्हणजे रोज लग्नघरच की रे!

शेजारच्या टोनीने लिंबं दिलीत पिशवीभर. लोणचं घालते. तुला पाठवायचं कसं ते बघते.

तुझी आजी, शोभा


ब्रॉडबीच, गोल्ड कोस्ट
२४ मार्च

आजी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. घरातलं कोणीतरी खूश आहे हे बघून बरं वाटलं. माझं मराठी गंजलंय, सांभाळून घे.

आमच्या पोकरमध्ये जोड्या नसतात. प्रत्येक जण एकटा. दोन पानं तुझ्या हातात, बाकीची टेबलावर सगळ्यांची. चहा कॅसिनोवाले देतात, वाईट असतो.

लग्नघराचं तू बरोबर ओळखलंस. एरवी मंगळवार-बुधवारी आम्ही तेच सहा-सात रेग्युलर्स समोरासमोर बसतो. कोणीच चूक करत नाही, त्यामुळे कोणाचंच काही होत नाही. मग कन्व्हेन्शन येतं. डेंटिस्ट, खाणवाले, शाळांचे प्रिन्सिपल. गळ्यात नावाचं कार्ड लटकतंय, ते काढायलाही विसरलेले, दोन वाइन झालेल्या, हसत हसत येतात. त्यांना प्रत्येक डावात खेळायचं असतं. घरापासून लांब आलेत, मजा करायची आहे. आमचं भाडं त्या आठवड्यांवर निघतं. सगळ्यांनी वर्षाचं कॅलेंडर पाठ केलंय.

त्याचे काही रिवाज आहेत. पाहुणा जिंकला तर तोंड वाकडं करायचं नाही. तो चुकला तर शिकवायचं नाही. त्याच्या जोकला हसायचं. आणि जमलं तर त्याच्या डाव्या हाताची खुर्ची धरायची. पाळी डावीकडे फिरते ना, म्हणजे तो काय करतो ते बघून मग आपण ठरवायचं. कन्व्हेन्शनच्या दिवशी त्या खुर्चीसाठी अक्षरशः धावाधाव होते.

मे महिन्यात फार्मासिस्ट लोकांचं मोठं कन्व्हेन्शन आहे. सगळे त्याची वाट बघतायत.

आईला एवढंच सांग की मी जेवतो.

सलिल


टूनगॅबी
१४ एप्रिल

सलिल बाळा,

पाहुण्याच्या जोकला हसायचं, त्याला चुकीवरून बोलायचं नाही! किती चांगले संस्कार आहेत रे तिथे. नंदूला वाचून दाखवलं तर तो आपला, हं, म्हणाला. त्याचा गुडघा दुखतो म्हणून त्याला काहीच चांगलं दिसत नाही.

आता ऐक. फार्मासिस्ट म्हणजे केमिस्टच ना? मग आपला विश्राम! त्याला आमंत्रण आलेलं होतं आणि त्याने कचऱ्यात टाकलं होतं. मी म्हटलं, काढ ते बाहेर. तो म्हणाला, काकू, मी एकटा जाऊन काय करू, दरवेळी विनीता यायची बरोबर. मी म्हटलं, एकटा कसा? माझा सलिल आहे तिथे. दिवसा भाषणं ऐक, संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बस, आपलंच माणूस आहे. नाही नाही म्हणत होता. मग मीच जरा आवाज चढवला. शेवटी निहारिकाने त्याचं विमानाचं तिकीट तिथल्या तिथे फोनवर काढलं. फोनचा पहिल्यांदा उपयोग झाला.

त्याच्याबरोबर डबा देतेय. बेसनाचे लाडू, भाजणीच्या चकल्या आणि टोनीच्या लिंबांचं लोणचं. लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत बांधली आहे, तरी विश्राम घाबरलाय की सूटला तेल लागेल.

त्याला जवळ बसवून घे. एकटा कोपऱ्यात बसू देऊ नकोस. बायको गेलेला माणूस घरी जेवतानासुद्धा रेडिओ लावून जेवतो रे, मी बघितलंय.

तुझी आजी


ब्रॉडबीच
२६ मे

आजी,

डबा मिळाला. लोणचं सांडलं नाही.

काका आले होते, दोन संध्याकाळी बसले. खूश होते. तू सांगितलंस तसा मी शेजारीच बसलो.

इथे आता पाऊस थांबलाय. मी बरा आहे.

यापुढे कोणाला पाठवू नकोस, प्लीज.

सलिल


टूनगॅबी
१० जुलै

अरे बाळा,

एवढंसं पत्र? पण मी रागावले नाही, कारण तू काय करून ठेवलंस ते तुला माहीत नाही. अरे, विश्राम माणसात आला! विमानतळावरून थेट माझ्याकडेच आला, हातात रिकामा डबा, गळ्यात अजून ते कार्ड. बोलतोय, बोलतोय. मैथिलीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. म्हणाला, काकू, तिथे मला सगळे नावाने हाक मारतात. मी काही बोललो की हसतात. तुझं तर तोंड भरून कौतुक. म्हणाला, सलिल माझ्या शेजारून हलला नाही. मी त्याला दोनदा हात सोडला, चांगली पानं होती माझ्याकडे पण म्हटलं, घे बाळा, आपल्यातच राहू दे. मला इतकं भरून आलं की काय सांगू. एवढी वर्षं माझा जोडीदार आहे, त्याची सवयच आहे ती, आपल्या माणसाला पुढे जाऊ द्यायचं.

आणि आता तो परत परत जातोय तेही कळलं. तिथल्या हॉलचं वेळापत्रक त्याने फ्रीजवर लावलंय. जूनमध्ये कुठल्या हार्डवेअरवाल्यांची परिषद होती तर हा त्यांच्यात! मी म्हटलं, तुझा काय संबंध, तू खिळे विकतोस का? लाजला. मागच्या आठवड्यात तर काही परिषदच नव्हती, तरी गेला. म्हणतो, सलिलला बघून येतो.

एकच थोडंसं वाईट वाटतं. गुरुवारी येत नाही आता. म्हणतो मेंढीकोट त्याला पोरखेळ वाटतो. आम्ही तिघं बसतो, पाच-तीन-दोन खेळतो, आणि मग नंदू गुडघ्याबद्दल बोलतो. पण असू दे. तो हसतोय ना.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, ब्लॅकटाउनला. काळजी नको. डॉक्टर पोरगी आहे, जेमतेम तुझ्या वयाची.

तुझी आजी


ब्रॉडबीच
११ ऑगस्ट

आजी,

हे पत्र आईला वाचायला देऊ नकोस. पाकिटावरही तसं लिहिलंय.

काकांना इथे येऊ देऊ नकोस. तू सांगितलंस तर ऐकतील, दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत.

मी तुला रिवाज म्हणून लिहिले होते, आणि तू त्यांना संस्कार म्हणालीस. तेव्हाच मी खरं लिहायला हवं होतं. पाहुणा हा शब्द मी तुझ्यासाठी वापरला. आम्ही त्यांना मासे म्हणतो. जोकला हसायचं ते मासा उठून जाऊ नये म्हणून. शिकवायचं नाही ते मासा शहाणा होऊ नये म्हणून. मी काकांच्या डाव्या हाताला बसलो ते तू सांगितलंस म्हणून नाही. दुसरा कोणी बसला असता, म्हणून मी बसलो.

त्यांना वाटलं आमची जोडी आहे. मी खेळलो की ते हसून पानं खाली टाकायचे. मी त्यांना सांगू शकलो असतो, काका, इथे जोडीदार नसतो. एका वाक्याचं काम होतं. मी पैशांच्या चिप्स ओढून घेतल्या आणि थँक यू म्हणालो. टेबलावरचे बाकीचे माझ्याकडे बघून हसत होते, आणि मीही हसलो.

कन्व्हेन्शनचा माणूस दोन रात्री खेळतो आणि घरी जातो, तेवढं मला पटवून घेता येत होतं. काका परत आले. कन्व्हेन्शन नसतानाही आले. आता ते इथे पाहुणे नाहीत. त्यांना सगळे 'केमिस्ट' म्हणतात. ते दारातून आत आले की तीन जण दुसऱ्या टेबलावरून उठून येतात. परवा त्यांनी मला विचारलं, काय रे, मी सुधारतोय ना? मी म्हटलं, नो वरीज काका, मस्त चाललंय.

दुकानाचं काय चाललंय ते मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

तू त्यांना थांबव. मला तोंड नाही.

सलिल


टूनगॅबी
२९ ऑगस्ट

सलिल बाळा,

ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर ढालीसारखं प्लास्टिक लावलंय, वाचायचं नाही म्हणून सांगितलंय, म्हणून हे पत्र अंदाजाने लिहितेय, ओळी वरखाली झाल्या तर हसू नकोस.

तुझं पत्र आलं. पाकिटावर तू लिहिलं होतंस की आईला देऊ नको. मैथिलीनेच तेवढं वाचून दाखवलं आणि फणकाऱ्याने माझ्या हातात दिलं. मग मी काही तिला दिलं नाही, शब्द पाळला. तेवढ्यात विश्राम डोळ्यात घालायचे थेंब घेऊन आला. म्हटलं, बरा आलास, घरचाच आहेस, वाच. त्याने वाचून दाखवलं सगळं.

किती सुंदर लिहिलंस रे! की विश्रामकाका म्हणजे मला घरच्यासारखे, ते आत आले की दुसऱ्या टेबलांवरची माणसं उठून येतात. केवढा हा मान! नंदू आला की कोणी खुर्चीतून हलत नाही. आणि तू लिहिलंस की तुला इथली आठवण येते, आजीच्या हातचं आठवतं, आणि आता परिषदांचा हंगाम संपत आला, तेव्हा काकांना सांग की दगदग करू नका. अगदी समजूतदार पत्र. ऐकताना मला रडूच आलं आणि ढालीच्या आत पाणी साचलं.

विश्रामचे डोळेही लाल झाले होते. सध्या वॅटलची झाडं फुललीत ना, त्या पिवळ्या परागाने इथे सगळ्यांचे डोळे गळतायत. आधी बराच वेळ तो नुसतंच मनातल्या मनात वाचत होता. मी म्हटलं, अरे मोठ्याने वाच की. तर म्हणाला, चष्म्यावर धूळ आहे, काकू. पुसला, पाणी मागितलं, मग वाचलं. चहाला थांबला नाही.

आता गुरुवारी येईल बघ. मी निहारिकाला सांगून ठेवलंय, माझ्या समोरची त्याची खुर्ची आता सोड.

तुझी आजी


ब्रॉडबीच
८ सप्टेंबर

आजी,

हे पत्र विश्रामकाकांकडूनच वाचून घे.

काका, पुढचं तुमच्यासाठी आहे. मागच्या पत्रात तुम्ही वाचलंत ते खरं होतं. आणि तुम्ही आजीला जे ऐकवलंत, ते मला लिहिता यायला हवं होतं. तसं वागता यायला हवं होतं, मग लिहावंच लागलं नसतं.

तुम्ही तेव्हापासून आला नाहीत. पहिल्या शनिवारी सगळे विचारत होते, केमिस्ट कुठे आहे, मेट? आता विचारत नाहीत. इंजिनियर लोकांचं कन्व्हेन्शन सुरू झालंय, रूम भरलीये. आज मी गेलो नाही, समुद्रावर बसून हे लिहितोय. उद्या जाणार नाही असं लिहून देत नाही, कारण तुमच्याशी आणखी खोटं नको.

काका, मला माफ करा. तुम्ही मला आपला म्हणून पानं सोडलीत आणि मी ती उचलली.

आजी, थेंब वेळेवर घाल.

सलिल


टूनगॅबी
६ ऑक्टोबर

सलिल,

डोळा बरा झाला. नवा चष्मा आला. सुईत दोरा ओवता येतो आता.

विश्राम गुरुवारी आला नाही. पुढच्याही नाही. थेंब संपले तर दुकानातल्या पोरीबरोबर पाठवले. म्हणून तुझं हे पत्र मी स्वतःच वाचलं, ओळीवर बोट ठेवून. आधी मला काही समजेना. खरं होतं म्हणजे काय होतं? मग उशीच्या अभ्र्यातून मागचं पत्र काढलं आणि तेही वाचलं. त्याने जे वाचून दाखवलं होतं त्यातलं, माणसं उठून येतात, एवढं एकच त्यात होतं. बाकी सगळं त्याने तिथल्या तिथे, माझ्यासमोर बसून रचलं. स्वतःला मासा म्हटलेलं डोळ्यासमोर होतं, आणि तोंडाने तो तुझं कौतुक करत होता. आणि मी त्याला म्हटलं होतं, अरे, जरा मोठ्याने वाच.

मैथिलीने विचारलं, काय झालं, जेवत का नाही. मी म्हटलं, डोळा दुखतो.

मला राग आला होता. तुला खडसावून लिहायला बसले आणि कागद बाजूला ठेवला. मीच त्याला ढकललं होतं तिथे, डबा देऊन. मीच म्हटलं होतं, आपलंच माणूस आहे. तो कोपऱ्यात एकटा बसला असता तर बरं झालं असतं, हे आता माझ्या मनात येतं आणि मग माझीच मला लाज वाटते.

परवा त्याच्या दुकानात गेले. चष्मा पर्समध्ये ठेवला आणि म्हटलं, विश्राम, अजून मला बारीक दिसत नाही, सलिलचं पत्र आलंय, वाचून दाखव. दुकानात कोणी नव्हतं. मागची दोन कपाटं रिकामी आहेत, पूर्वी तिथे साबण, पावडरी असायच्या.

त्याने पत्र हातात घेतलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता मला सगळं दिसतं रे, चष्म्याशिवायही बरंच दिसतं. त्याने वाचलं की तू समुद्रावर बसून लिहितोयस. इंजिनियर लोक आलेत हे वाचलं. थेंब वेळेवर घाल हेही वाचलं. माफीची जागा आली तिथे तो थांबला. तेवढी ओळ त्याने पुन्हा एकदा मनात वाचली, ओठ हलले. मग ती गाळून खाली गेला. मला पाठ होती ती ओळ. ती गाळलीस असं मी त्याला कसं म्हणू?

शेवटी मी म्हटलं, छान लिहितो ना माझा नातू?

तो म्हणाला, हो काकू, अक्षर छान आहे.

घडी करून पत्र परत दिलं, माझ्या बीपीच्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि दारापर्यंत सोडायला आला. गुरुवारचं मी काढलं नाही. त्यानेही नाही. नंदू म्हणतो बंदच करून टाकू, नाहीतरी गुडघा मुडपत नाही.

बाळा, मला आता तुझी पत्रं नकोत. कागदावरची ओळ त्याला गाळता येते. तू स्वतः ये. घरी आधी येऊ नकोस, थेट त्याच्या दुकानात जा, आणि एकटा जा, मी बरोबर येणार नाही. तो काय करेल ते मला ठाऊक नाही. चांगला माणूस आहे, ओरडणार नाही. कदाचित तुझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारेल, तुम्हाला काय हवंय. तरी ये.

आजी